गॉगवर येणार नाही म्हणे!

ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलता बोलता जिथे फारच भरकटलो तेवढं छाटलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय म्हणजे एक राग. तारीख १२ मार्च २०१९. बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या 'स्नॅपशॉट गेम्स' या स्टुडिओने त्या दिवशी जाहीर केलं, की 'फिनिक्स पॉइंट' हा त्यांचा येऊ घातलेला गेम स्टीम आणि गॉग या दोन दुकानांत वर्षभर येणार नाही. तो एपिक गेम्स स्टोअरवर येईल. वरवर पाहिलं तर यात रागावण्यासारखं काय आहे? आपल्याला हवं ते बिस्कीट कोपऱ्यावरच्या दुकानात नाही मिळालं तर आपण पुढच्या दुकानात जातो. पण इथे गिऱ्हाइकाने पैसे आधीच मोजलेले होते, आणि मोजताना त्याला सांगितलं होतं की माल तुला स्टीमवर किंवा गॉगवर, तुझ्या पसंतीने मिळेल.

२०१७ मध्ये 'फिग' नावाच्या संकेतस्थळावर या गेमसाठी लोकवर्गणी झाली होती. मागितले होते पाच लाख डॉलर, जमले साडेसात लाखांच्या वर. देणारे दहा हजारांहून जास्त. एवढा विश्वास कशावर? तर ज्युलियन गॉलप या नावावर. १९९४ साली आलेला 'यूएफओ: एनिमी अननोन', ज्याला अमेरिकेत 'एक्स-कॉम' म्हणतात, तो या माणसाने बनवला. वळणावळणाने खेळायच्या डावपेची गेमचा विषय निघाला की आजही पहिल्या तीन-चार नावांत हे नाव येतं. म्हणजे वर्गणी देणारे बरेचसे लोक तिशी-चाळिशीचे, जुन्या गेमवर जीव असलेले. आणि नेमकी हीच मंडळी गॉगची गिऱ्हाइकं.

गॉग म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. गॉग हे पोलंडमधलं गेमचं ऑनलाइन दुकान. त्याचं मूळ नाव 'गुड ओल्ड गेम्स'. इथे मिळणाऱ्या गेमला डीआरएम नसतं. डीआरएम म्हणजे गेमच्या आत बसवलेला पहारेकरी. तो दर वेळी विचारतो, 'तू खरंच विकत घेतलंयस ना? दाखव बघू.' कधी तो सीडी मागतो, कधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारून येतो. गॉगवर तुम्हाला एक इन्स्टॉलर फाइल मिळते. ती हार्ड डिस्कवर ठेवा, पेन ड्राइव्हवर ठेवा, नेट बंद करा, दुकान उद्या बुडू दे, ती चालणार. कायद्याच्या भाषेत तिथेही तुम्ही परवानाच घेता, हे खरं. पण तो परवाना काढून घ्यायला तुमच्या घरात येण्याची सोय दुकानदाराकडे नाही. फरक एवढाच आहे, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा पहारेकरी काही इंटरनेटबरोबर आलेला नाही. आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डॉसवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलाय, त्यांना पहिली पातळी संपल्यावरची ती खोली आठवत असेल. खूप बाटल्या, प्रत्येक बाटलीपाशी इंग्रजी अक्षर. चुकीची बाटली प्यायलो की राजपुत्र मेला. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांना ते कोडं वाटायचं. ते कोडं नव्हतं. ते कॉपी प्रोटेक्शन होतं. गेमबरोबर येणाऱ्या छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ओळखायचं आणि ती बाटली प्यायची. पुस्तिका नाही म्हणजे तुम्ही चोर. आता महाराष्ट्रातल्या शाळेच्या लॅबमध्ये फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरलेल्या गेमबरोबर पुस्तिका कुठून येणार!

नव्वदच्या दशकात सीडी आली, मग सीडी तपासणारे पहारेकरी आले. सेफडिस्क, सेक्युरॉम, स्टारफोर्स अशी त्यांची नावं. हे नुसते गेमच्या आत बसत नसत, काही तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात ड्रायव्हर म्हणून घुसत. याचा हिशेब नंतर चुकता झाला, तो पुढे सांगतो.

सप्टेंबर २००८ हा महिना मात्र नीट लक्षात ठेवा. त्या महिन्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'स्पोर' आला. त्यात सेक्युरॉम होतं आणि अट अशी, की हा गेम तीनच वेळा ॲक्टिव्हेट करता येईल. विंडोज परत टाकलं, एक वेळ गेली. नवा कॉम्प्युटर घेतला, दुसरी गेली. ॲमेझॉनवर काही दिवसांत दोन हजारांच्या वर एक-तारा शेरे पडले. अमेरिकेत कोर्टात दावा लागला. आणि ज्या चोरीच्या भीतीने हे सगळं केलं, ती थांबली का? टॉरेंटफ्रीकच्या यादीत २००८ सालचा सर्वांत जास्त चोरला गेलेला गेम 'स्पोर'च होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्याने फुकट उतरवला त्याच्या कॉपीत पहारेकरीच नव्हता, पन्नास डॉलर देणाऱ्याच्या घरात मात्र तो ठाण मांडून बसला.

त्याच महिन्यात, त्याच सप्टेंबर २००८ मध्ये, वॉर्सामध्ये गॉग सुरू झालं. जुने गेम, किंमत सहा किंवा दहा डॉलरला एक सेंट कमी, डीआरएम शून्य.

हे दुकान पोलंडमध्येच का सुरू झालं, हा मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत रंजक भाग वाटतो. कम्युनिस्ट राजवटीत पोलंडमध्ये परदेशी गेम रीतसर मिळत नसत, आणि सॉफ्टवेअरला धड संरक्षण देणारा कायदाही नव्हता. तो आला १९९४ मध्ये. तोवर वॉर्साच्या बाजारांत शनिवार-रविवारी पोरं कॅसेट आणि डिस्क घेऊन उभी राहत, अदलाबदल करत, विकत. आपला लॅमिंग्टन रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. त्या पोरांमध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की हे दोन शाळासोबती होते. इविन्स्की यांनी पुढे मुलाखतींमध्ये हे न लपवता सांगितलंय. १९९४ मध्ये दोघांनी दोन हजार डॉलर आणि एका मित्राचा फ्लॅट एवढ्या भांडवलावर 'सीडी प्रोजेक्ट' काढली. म्हणजे चोरबाजारातून शिकून बाहेर पडलेली पोरं रीतसर दुकानदार झाली.

आणि त्यांना प्रतिस्पर्धी कोण, तर तोच बाजार. तिथे गेमची सीडी कवडीमोलाने मिळते. आपण परदेशातून आणलेला डबा महाग. मग लोकांनी आपल्याकडून का घ्यावा? १९९९ मध्ये 'बाल्डर्स गेट' पोलंडमध्ये आणताना त्यांनी याचं उत्तर शोधलं. संपूर्ण गेम पोलिश भाषेत केला, नामवंत पोलिश नटांचे आवाज घेतले, डब्यात पाच सीडींबरोबर चर्मपत्रासारखा नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडी असं सगळं भरलं. बाजारातल्या नकलेत हे काही मिळणार नव्हतं. पहिल्याच दिवशी अठरा हजार प्रती गेल्या. चोराला कुलूप लावून हरवता येत नाही, गिऱ्हाइकाला चोरापेक्षा जास्त देऊन हरवता येतं, हा धडा त्यांनी तिथे गिरवला. गॉग हे त्याच धड्याचं पुढचं पान. जुना गेम आजच्या विंडोजवर चालेल असा तयार करून द्यायचा, डॉसचा असेल तर डॉसबॉक्समध्ये बांधून द्यायचा, सोबत पुस्तिका, संगीत, चित्रं. टॉरेंटवरून उतरवलेला १९९४ चा गेम चालवायला अर्धा दिवस डोकं खाजवण्यापेक्षा सहा डॉलर देणं बऱ्याच लोकांना परवडतं.

पण या मंडळींना अगदी संत करून टाकू नका. सीडी प्रोजेक्टने 'विचर २' टॉरेंटवरून उतरवणाऱ्यांना जर्मनीत वकिलांकरवी पैशांच्या मागणीच्या नोटिसा धाडल्या होत्या. ओरड झाल्यावर जानेवारी २०१२ मध्ये ते थांबवलं. आणि गॉगचा २०१० चा तो 'विनोद' तर मला आजही खटकतो. सप्टेंबर २०१० मध्ये एके दिवशी गॉगचं संकेतस्थळ अचानक बंद. आत्ताच्या रूपात दुकान चालू ठेवता येत नाही, अशा अर्थाची पाटी. लोक हबकले. आपण घेतलेले गेम उतरवायचे राहिले, आता कुठे जायचं? तीन-चार दिवसांनी कळलं की ती नव्या संकेतस्थळाची जाहिरातबाजी होती. मालक मंडळी भिक्षूंचे झगे घालून माफी मागायला आली आणि बरोबर 'बाल्डर्स गेट' घेऊन आली. हसायला ठीक आहे हो, पण ज्या दुकानाचा सगळा धंदा 'तुमचा माल तुमच्याच हातात' यावर उभा आहे, त्याने गिऱ्हाइकाला असा घाम फोडावा? एक मात्र झालं. इन्स्टॉलर आपल्या डिस्कवर उतरवून ठेवला नसेल तर डीआरएम नसण्याचा काही उपयोग नाही, हे त्या चार दिवसांत पुष्कळांना कळलं.

तेच २०१० साल दुसऱ्या कारणानेही आठवतं. युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर आणला आणि अट घातली की खेळत असताना पूर्ण वेळ इंटरनेट चालू हवं. नेट तुटलं की खेळ थांबला. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा पैसे भरलेले लोक खेळू शकेनात, आणि त्यांची स्वतःची लाइन तर ठणठणीत होती. आता ही अट आपल्याकडे आणून बघा. २०१० चा महाराष्ट्र, मुंबई सोडली तर जागोजागी भारनियमन. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालेल, पण केबलवाल्याच्या स्विचला इन्व्हर्टर कोण लावतो? शिवाय महिन्याचा डेटा मोजून मापून. जिओ यायला अजून सहा वर्षं होती. त्या काळात एकदा उतरवला की कायमचा आपला असा इन्स्टॉलर ही तत्त्वाची गोष्ट नव्हतीच, गरज होती. मित्राकडे चांगली लाइन, त्याच्याकडून पोर्टेबल डिस्कवर आणायचं. डीआरएमविरोधाची जी चर्चा अमेरिका-युरोपात हक्कांच्या भाषेत चालायची, ती आपल्याकडे एमएसईबीच्या भाषेत आपोआप कळत होती.

बरं, परत लोकवर्गणीकडे. २०१२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइन स्टुडिओने किकस्टार्टरवर तेहेतीस लाख डॉलर जमवले आणि मागोमाग 'वेस्टलँड २' ने जवळपास तीस लाख. प्रकाशक ज्या जुन्या पद्धतीच्या गेमवर पैसे लावत नव्हते, त्यांच्यासाठी खेळणारेच पैसे लावायला लागले. आणि या मोहिमांच्या पानांवर एक ओळ हमखास असायची: डीआरएम-मुक्त प्रत मिळेल. देणाऱ्याच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे कराराचा भाग. कायद्याने असेल-नसेल, मनाने नक्की होता.

ती ओळ मोडली जाण्याची पहिली मोठी ठेच लागली २०१४ मध्ये. डेव्हिड ब्रेबेन यांच्या 'एलिट: डेंजरस' ने किकस्टार्टरवर पंधरा लाख पौंडांच्या वर जमवले होते आणि नेटशिवाय एकट्याने खेळता येईल असं सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला महिना उरलेला असताना, कंपनीने कळवलं की ते जमणार नाही. काही लोकांना पैसे परत मिळाले, काहींना त्यासाठी भांडावं लागलं. एक सांगतो, तांत्रिक कारण खोटं नव्हतं. संपूर्ण आकाशगंगेची अर्थव्यवस्था सर्व्हरवर चालणार असेल तर ती एका घरगुती पीसीवर कशी बसवणार? पण मग हे दोन वर्षांपूर्वी, पैसे घेताना कळायला हवं होतं.

तर या पार्श्वभूमीवर मार्च २०१९. एपिकचं दुकान उघडून जेमतेम तीन महिने झाले होते. डिसेंबर २०१८ मध्ये ते आलं आणि त्याने गेम बनवणाऱ्यांना सांगितलं, विक्रीतले ८८ टक्के तुमचे, १२ आमचे. स्टीम तेव्हा साधारण ३० टक्के घ्यायचं, मोठ्या विक्रीवर थोडं कमी. वर एपिककडे 'फोर्टनाइट'चा पैसा. ते आगाऊ रक्कम देऊन गेम ठरावीक काळासाठी आपल्याकडे बांधून घेत. किती रक्कम? इटलीच्या डिजिटल ब्रदर्स या कंपनीच्या हिशेबांतून पुढे कळलं की 'कंट्रोल' या गेमसाठी ९४ लाख ९० हजार युरो मिळाले होते. तो मोठा गेम. पण सोफियातल्या छोट्या स्टुडिओला याहून कितीतरी कमी रक्कमही पगारांची एक-दोन वर्षं पुरवू शकते. गेम चालला नाही तर काय, ही रात्रीची चिंता मिटते.

गॉलप यांनी कारणही हेच दिलं. हा पैसा आला की स्टुडिओला स्थैर्य, गेमला जास्त काम. वर्गणीदारांना एपिकवर प्रत, पहिल्या वर्षाची सगळी जोडणी फुकट, वर्षानंतर स्टीमची किंवा गॉगची किल्लीसुद्धा. आणि ज्यांना नको त्यांना महिनाभराच्या मुदतीत पैसे परत. कागदावर पाहिलं तर हा सौदा वाईट नाही, उलट बऱ्यापैकी उदार आहे. वाट बघायची तयारी असेल तर एकाच्या जागी दोन प्रती पदरात.

तरी लोक चिडले, आणि मला त्यांचा राग समजतो. २०१७ मध्ये प्रकाशक नको, आम्हाला थेट तुमच्या बळावर उभं राहायचंय, असं म्हणून पैसे घेतले होते. ज्या दिवशी मोठा सावकार दारात आला त्या दिवशी पहिल्या वर्गणीदारांना दिलेल्या शब्दाची किंमत ठरली, ती म्हणजे रिफंड. शिवाय फिगची एक गंमत होती. तिथे नुसती वर्गणी देता येत असे, तसंच गेमच्या कमाईत वाटा मिळेल अशी गुंतवणूकही करता येत असे. म्हणजे एकाच मोहिमेत दोन रांगा. एपिकचा पैसा आल्यावर एक रांग खूश, दुसरी दुकानाबाहेर ताटकळत. गॉगवाल्यांचा राग तर स्टीमवाल्यांहून वेगळा होता. स्टीम काय आणि एपिक काय, शेवटी दोन्ही खात्याला बांधलेली दुकानं. एपिकही प्रत्येक गेमवर डीआरएम लादत नाही, स्टीमही नाही, हे न्यायाने सांगायला हवं. पण दोन्हीकडे ती सुटी इन्स्टॉलर फाइल मिळत नाही. स्टीमवाल्याचं दुकान बदललं. गॉगवाल्याच्या हातून मात्र वस्तूच गेली.

आता गॉगच्या बाजूने तोच महिना बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे डझनभर लोकांना नारळ मिळाला. मार्चअखेर त्यांनी आपली 'न्याय्य किंमत' योजनाही बंद केली. एखाद्या देशात गेम अमेरिकेपेक्षा महाग पडत असेल तर फरकाची रक्कम गिऱ्हाइकाला परत देण्याची ती योजना होती. कारण सांगितलं ते असं, की गेम बनवणाऱ्यांना आता जास्त वाटा द्यावा लागतोय, हा फरक भरणं परवडत नाही. एपिकच्या ८८ टक्क्यांची झळ अशी थेट पोचली. म्हणजे गॉगच्या गिऱ्हाइकाला एकाच मार्चमध्ये दोन तडाखे. त्याने वाट पाहिलेला गेम गेला, आणि खास त्याच्यासाठी असलेली सवलतही.

'पण गॉगवर टाकायला जातं काय? डीआरएम काढायचं आणि अपलोड करायचं,' असं मला बरेच जण विचारतात. मी गेम बनवत नाही, पण एकच सॉफ्टवेअर दोन ठिकाणी डिप्लॉय करणारा कुणीही सांगेल की 'फक्त' हा शब्द इथे फार महाग पडतो. स्टीमवर गेम बनवताना तुम्ही त्यांच्या सोयी वापरता. मित्रांची यादी, मल्टिप्लेअरसाठी जोड्या लावणं, सेव्ह क्लाउडवर ठेवणं, पदकं, खेळणाऱ्यांनी बनवलेले मॉड वाटायला वर्कशॉप. या सगळ्याचे कॉल तुमच्या कोडमध्ये ठिकठिकाणी पसरलेले असतात. गॉगसाठी ते सगळे गॉगच्या गॅलक्सीकडे वळवा, नाहीतर काढा. दुसरा बिल्ड आला. त्याची वेगळी टेस्टिंग आली. आणि हे एकदाच करून सुटका नाही, दर पॅचला तेच. शुक्रवारी संध्याकाळी बग सापडला, स्टीमवर तासाभरात दुरुस्ती गेली, गॉगवर सोमवारी गेली, की गॉगवाले म्हणणार आम्हाला सावत्र वागणूक. ते म्हणतात ते खरंच असतं. आणि विक्रीतला मोठा हिस्सा स्टीमवरून येणार हे आधीच माहीत असेल, तर मॅनेजरच्या एक्सेल शीटमध्ये गॉगची ओळ पहिली कापली जाते. तिथे कुणी दुष्ट नसतो.

मोठ्या प्रकाशकांची गोष्ट निराळी. त्यांना पहिल्या काही आठवड्यांची विक्री राखायची असते, म्हणून २०१४ पासून डेनुवो बसवतात. डेनुवो आहे तोवर गॉगचा प्रश्नच येत नाही. आणि कधी कधी गॉगनेच गेमला दार दाखवलंय. 'ओपस मॅग्नम' हा झॅकट्रॉनिक्सचा सुंदर कोड्यांचा गेम २०१७ मध्ये त्यांनी आधी नाकारला, मोबाइल गेमसारखा दिसतो म्हणून! नंतर बोभाटा झाल्यावर घेतला.

याहून गंभीर प्रकार डिसेंबर २०२० मधला. तैवानच्या रेड कँडल गेम्सचा 'डिव्होशन' हा भयकथेचा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये स्टीमवर आला होता. त्यात भिंतीवरच्या एका कागदात चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची टिंगल सापडली आणि आठवड्याभरात गेम दुकानातून गायब. जवळपास दोन वर्षांनी स्टुडिओने सांगितलं, १८ डिसेंबरला गॉगवर येतोय. काही तासांतच गॉगने माघार घेतली आणि कारण दिलं, खेळणाऱ्यांकडून खूप संदेश आले म्हणून. कोणते खेळणारे, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. ज्यांनी 'गॉगवर का नाही आला' म्हणून इतरांच्या नावाने बोटं मोडली होती, त्यांना या वेळी बोटं मोडायला गॉगच समोर होतं.

आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उलटं झालं. गेम आला आणि लोक भडकले. आयओ इंटरॅक्टिव्हचा 'हिटमॅन' २२ सप्टेंबरला गॉगवर लागला. पण नेट नसेल तर नवी हत्यारं, नव्या सुरुवातीच्या जागा खुल्या होत नाहीत, बरेचसे प्रकार खेळताच येत नाहीत. इन्स्टॉलर सुटा, पण अर्धा गेम सर्व्हरवर. एक-ताऱ्यांचा पाऊस पडला. गॉगने आधी लोकांना दटावलं, मग ८ ऑक्टोबरला गेम काढून टाकला आणि तो या रूपात आणायला नको होता हे मान्य केलं. माझ्या मते हा प्रसंग फिनिक्स पॉइंटपेक्षा महत्त्वाचा आहे. डीआरएम आता वेगळा पहारेकरी राहिलेला नाही, तो गेमच्या रचनेत मुरलाय. तुमची प्रगती कुठे साठवायची, या एका डिझाइनच्या निर्णयात तो असतो. त्याला कोण काढणार?

मघाशी सीडीवाल्या पहारेकऱ्यांचा हिशेब सांगायचा राहिला होता. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सेफडिस्क आणि काही जुन्या सेक्युरॉमचा आधार काढून घेतला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात घुसणारा तो ड्रायव्हर सुरक्षेला भोक पाडत होता, त्यामुळे निर्णय योग्यच. पण त्याचा परिणाम बघा. ज्यांनी २००० ते २००५ च्या दरम्यान दुकानात जाऊन, पावती घेऊन खऱ्या सीडी घेतल्या, त्यांचे गेम कपाटात मेले. चोरीची कॉपी चालते, गॉगची कॉपी चालते, खरी सीडी चालत नाही. आणि तो 'स्पोर', तीन वेळांच्या अटीवाला? तो आज गॉगवर डीआरएमशिवाय मिळतो.

मार्च २०२४ च्या शेवटी युबिसॉफ्टने 'द क्रू' चे सर्व्हर बंद केले आणि तो गेम, एकट्याने खेळायचा भागसुद्धा, संपला. त्यातून रॉस स्कॉट यांची 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांवर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, की परवाना विकताना नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका, ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. सुट्या, उतरवून ठेवता येणाऱ्या फाइलला त्यातून सूट आहे. म्हणजे गॉग २००८ पासून जे विकत होतं, त्याला कायद्याने वेगळी वस्तू मानलं.

फिनिक्स पॉइंट ३ डिसेंबर २०१९ ला आला आणि डिसेंबर २०२० मध्ये स्टीमवर पोचला. तोवर बोलणं थंडावलं होतं. गेम बरा होता, गाजला असं म्हणता येणार नाही. ज्यांनी रिफंड घेतला त्यातल्या काहींनी तो नंतर सवलतीत घेतला असेल, काहींनी कानाला खडा लावला असेल. फिगला २०२० मध्ये रिपब्लिक या कंपनीने विकत घेतलं. 'डिव्होशन'वाल्या रेड कँडलने मार्च २०२१ मध्ये स्वतःचंच छोटं दुकान उघडलं, तिथे तो गेम डीआरएमशिवाय मिळतो. थेट फाइल, मध्ये कुणी नाही. आणि डिसेंबर २०२५ च्या शेवटी सीडी प्रोजेक्टने गॉग विकून टाकलं. घेणारा मिखाऊ किचिन्स्की, वॉर्साच्या बाजारातल्या त्या दोन पोरांपैकी एक.

गॉगवर लोकांच्या इच्छांची यादी आहे, त्यावर मतं देता येतात. कुठला गेम तिथे यावा असं तुम्हाला वाटतं ते मला कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवतो. आणि आज रात्री तुमच्या खात्यातला एखादा इन्स्टॉलर उतरवून डिस्कवर ठेवा. बाकीचं पुढच्या भागात.